मागच्या सीटचा रिपोर्ट

ती गाडी वाईट आहे असं मी चाळीस वर्षं सांगत आलो. चहाच्या टपरीवर सांगितलं, लग्नाच्या पंगतीत सांगितलं, आणि ज्याची गाडी आहे त्या शेठच्या तोंडावर तर दर आठवड्याला सांगितलं. शेठची आणि माझी दोस्ती तेवढीच जुनी, म्हणून त्याने ऐकून घेतलं. दुसरा असता तर लूमचा शटल फेकून मारला असता.

शेठ म्हणजे आमच्या गल्लीच्या टोकाला ज्याचे कापड विणायचे लूम आहेत तो. कोकणी मुसलमान, मूळ घराणं खाडीकाठचं, पण तीन पिढ्या भिवंडीत. मी आगरी, मोटारीच्या कारखान्यात कामाला होतो. तो मला मिस्त्री म्हणतो, मी त्याला शेठ म्हणतो. मी मिस्त्री नव्हतो, टेस्टर होतो, हे त्याला हजार वेळा सांगून झालं.

टेस्टर म्हणजे काय ते सांगतो. नवी गाडी लाईनवरून उतरली की ती रस्त्यावर न्यायची, पळवायची, थांबवायची, खड्ड्यात घालायची. कुठे काय वाजतं, कुठे काय ओढतं ते बघायचं आणि कागदावर लिहून साहेबाला द्यायचं. आता मी चौथी पास. गाडीचं सगळं मला कळायचं, पण लिहायला बसलो की पाना हातात असल्यासारखी पेन्सिल धरायचो, टोक मोडायचं. म्हणून संध्याकाळी घरी येऊन मी बोलायचो आणि बायको लिहायची. ती सातवी शिकलेली. चुलीवर भात ठेवायची आणि पाटावर कागद घेऊन बसायची. एक कागद कंपनीला, आणि तेच परत एका वहीत आपल्यासाठी. वही कशाला, मी विचारलं होतं. म्हणाली, उद्या साहेब म्हणाला असं सांगितलंच नव्हतं, तर? साहेब एकदा सगळ्यांसमोर म्हणाला, तुझं अक्षर तुझ्या तोंडापेक्षा खूप बरं आहे. ते बायकोचं आहे हे मी सांगितलं नाही.

त्या वेळी गाड्या करणाऱ्या कंपन्या थोड्याच होत्या. आमची एक आणि त्यांची एक. नावं लिहीत नाही. दोन्ही बंद पडल्या, आता भांडायचं कोणी कोणाशी. पण तेव्हा भांडण होतं. आमच्या कँटीनमध्ये त्यांच्या गाडीचं नाव कोणी घेत नव्हतं, डबडं म्हणायचे. आणि शेठच्या बापाने नेमकं तेच डबडं घेतलं. शेठची बायको, आमची भाभी, लग्न होऊन आली ती त्याच गाडीतून.

बायको गेली त्याला आता सव्वा वर्ष होईल. लोक विचारतात, कसं चाललंय. चाललंय. इंजिन बंद केलं की पत्रा गार होताना थोडा वेळ टिकटिक करतो, टेस्टर लोकांना तो आवाज माहीत असतो. घरात आता तेवढाही आवाज नाही. झोप येत नाही. दिवसा नाही, रात्री नाही. मुलगी पुण्याला आहे, ती म्हणते डॉक्टरला दाखवा. काय दाखवू?

तर गोष्ट अशी झाली. गेल्या हिवाळ्यात भाभीच्या कमरेचं हाड मोडलं, ऑपरेशन करून नवीन खुबा बसवला. चालते, पण पाय उचलून उंच चढता येत नाही. भाभीची एक थोरली बहीण आहे, खारबावच्या पुढे खाडीकडच्या गावात. ती अंथरुणाला खिळलेली. बहिणी पाच होत्या, आता दोघीच राहिल्या. भाभी दर जुम्म्याला तिच्याकडे जायची, तेल लावून तिचे केस विंचरायची, दिवसभर बसायची आणि यायची. ऑपरेशननंतर ते बंद झालं. शेठच्या मुलाची गाडी आहे, नवी, काळी, उंच. राहनाळला गोदामं भाड्याने देतो, त्याला शोभणारी. त्या गाडीत चढायचं म्हणजे भाभीला स्टूल लागतं आणि दोन माणसं. एकदा चढवली तर रडली, परत नाव घेतलं नाही. रिक्षाने एकदा गेली तर तीन दिवस पडून होती. मुलगा म्हणाला, अम्मी, व्हिडिओ कॉल कर ना रोज. भाभी म्हणाली, फोनवरून केस विंचरता येतात का रे?

मग शेठने जुन्या गाडीवरची ताडपत्री काढली. तिचं दार रुंद, सीट खुर्चीएवढी. भाभी पाठ टेकून आत बसली आणि पाय एकामागून एक आत घेतले. स्टूल नाही, माणूस नाही. शेठ म्हणाला, झालं, मी नेतो तिला.

मुलगा ऐकेना. त्याचंही चूक नव्हतं. गाडी सहा-सात वर्षं उभी, शेठ अधूनमधून नुसती चालू करून बघायचा तेवढंच. शेठचं वय अठ्ठ्याहत्तर. रस्त्याने दिवसभर कंटेनर. शिवाय हायवेवरच्या एका हॉटेलवाल्याने गाडी मागितली होती. त्याला दारात चौथऱ्यावर उभी करायची होती, चाकं काढून, बोनेटमध्ये माती भरून फुलझाडं लावायची होती. लोक फोटो काढतात म्हणे. मुलगा म्हणाला, डॅडी, ही आता विंटेज आहे, बघायची चीज आहे, बसायची नाही.

बापलेकात आठवडाभर हेच चाललं. शेवटी शेठ म्हणाला, आपण दोघं नको भांडू, मिस्त्रीला विचारू. तो समोरच्या कंपनीचा माणूस. दुश्मनाने पास केली तर पास, नापास केली तर हॉटेलवाल्याला देऊन टाक. मुलगा लगेच कबूल झाला. का नाही होणार? लहानपणापासून त्याने माझ्या तोंडून त्या गाडीला डबडं सोडून दुसरं काही ऐकलंच नव्हतं.

दोघं माझ्या ओट्यावर आले. मी म्हटलं, मला यात घेऊ नका. मी टेस्टिंग सोडून सोळा वर्षं झाली. शेठ म्हणाला, कान तर आहेत ना? मुलगा म्हणाला, काका, जे खरं आहे ते सांगा, बस. त्याला वाटत होतं खरं काय ते त्याला माहीतच आहे.

मी म्हटलं, उद्या सकाळी सातला येतो. गाडीला हात लावायचा नाही कोणी.

दुसऱ्या दिवशी गेलो. गाडी गल्लीत काढून ठेवलेली, धुतलेली, काचा पुसलेल्या. शेठ पांढऱ्या टोपीत, नमाज पढून आलेला. मी आधी बोनेटवर हात ठेवला. कोमट.

टेस्टरचं पहिलं काम हेच. चावी नाही, दार नाही, आधी बोनेट. इंजिन गार असेल तरच त्याचं खरं कळतं. गरम इंजिन खोटं बोलतं, सगळे आजार लपवतं. जुनी गाडी विकणारे अर्धा तास आधी चालू करून ठेवतात ते याचसाठी.

"शेठ," मी म्हटलं, "पेपर फोडलात."

शेठ खाली बघायला लागला. मग म्हणाला, "पहिल्यांदा चालू व्हायला वेळ लावते यार. तू लगेच नापास केली असतीस."

मी घरी परत आलो. सांगून आलो, उद्या परत सात. वाईट मला एवढ्याचंच वाटलं की आयुष्यात कधी कापड मोजताना खोटा मीटर न धरलेला माणूस, त्याने हे केलं. पण बायकोला माहेरच्या माणसाकडे नेता यावं म्हणून केलं. मी माझ्या बायकोसाठी असं एकही खोटं केलं नाही. उलटं एक केलं, ते सांगतो.

त्या दिवशी दुपारी मी ट्रंक उघडली. बायको गेल्यापासून उघडली नव्हती. सगळ्यात खाली त्या वह्या होत्या, दोऱ्याने बांधलेल्या. मला एक वही हवी होती. कुठली ते मला माहीत होतं, आणि त्यात काय आहे तेही.

आम्ही तरुण होतो तेव्हाची गोष्ट. आमच्या टेस्टिंगच्या साहेबाने कोणाच्या तरी नावावर त्यांची नवी गाडी मिळवली होती. मॉडेल हेच, शेठच्या गाडीचं. साहेब मला म्हणाला, पंधरा दिवस तुझ्याकडे ठेव. भिवंडीचे रस्ते म्हणजे फुकटचा टेस्ट ट्रॅक. पिळून काढ आणि रिपोर्ट दे. मागच्या सीटवर वाळूची चार पोती टाक, माणसांच्या वजनाची. कंपनीची पद्धतच ती होती. मागे कधी माणूस बसवायचा नाही, वाळू बसवायची. वाळू तक्रार करत नाही, गप्पा मारून टेस्टरचं लक्ष काढत नाही.

मी आठ दिवस वाळू फिरवली. मग बायकोला माहेरी जायचं निघालं, खारबावला. तिची पाठ पोरीच्या वेळच्या बाळंतपणानंतर गेली ती गेलीच. एसटीत बसली की हात कमरेवर. महिनाभर आधी मी तिला आमच्या कंपनीच्या गाडीने त्याच रस्त्याने नेलं होतं, तेव्हाही सबंध रस्ता कमरेखाली उशी आणि ओठ मिटलेले. मी वाळू खाली काढली आणि तिला मागे बसवलं. पुढे का नाही बसवलं? पुढे माझे कागद होते, स्टॉपवॉच होतं. काम चालू होतं माझं.

खारबावचं फाटक बंद होतं. मालगाडी आली, शिट्टी फुंकत आमच्या नाकासमोरून गेली. बोनेट थरथरत होतं. मी मागे वळून काहीतरी बोलायला गेलो तर ही झोपलेली. तोंड थोडं उघडं, हात मांडीवर, कमरेवर नाही. मालगाडीनेसुद्धा जाग आली नाही.

मला राग आला. खरं सांगतो, आनंद नाही झाला, राग आला. आमच्या गाडीत तिला कधी डोळा लागला नव्हता.

त्या रात्री जेवण झाल्यावर मी रिपोर्ट सांगितला. स्टिअरिंग जड, गिअर आडमुठा, पेट्रोल जास्त पिते, पिकअप आमच्यापुढे काही नाही. हे सगळं खरंच होतं. तिने लिहिलं. मी सांगायचं थांबलो तरी तिची पेन्सिल थांबली नाही. मी कागद ओढून वाचला. लिहिलं होतं: मागची सीट चांगली. पाठ दुखली नाही. झोप लागली.

मी म्हटलं, हे खोड. झोप लागली हा काय रिपोर्ट आहे? साहेब हसेल. ऑफिसभर होईल.

ती म्हणाली, "पोत्यांना पाठ नसते. मला हाय. तुमच्या साहेबाला गाडी पोत्यांना विकायची हाय का मानसांना?"

मी म्हटलं, तुला काय कळतं गाडीतलं? खोड.

तिने एक रेघ मारली. कंपनीच्या कागदावरही आणि वहीतही. आणि माझ्या सांगण्याप्रमाणे खाली लिहिलं: मागची सीट ठीक. साहेबाने पुढे कधी विचारलं तेव्हा मी तोंडानेही ठीकच सांगितलं. आमच्या गाडीची मागची स्प्रिंग शेवटपर्यंत तशीच राहिली. माझ्या एका ओळीने कंपनी बुडाली असं मी म्हणत नाही, तेवढा मी मोठा नव्हतो. पण गिऱ्हाइकं हीच तक्रार करत होती आणि मला ती आधी माहीत होती.

त्या दुपारी वही उघडली तर ओळ तशीच होती. तिने एकच रेघ मारलेली, हलकी. खालचं सगळं वाचता येत होतं. गिरवून खोडायला हवं होतं असं मी म्हणालो असेन कदाचित, आठवत नाही. तिने मुद्दाम हलकी मारली असावी. तशी होती ती.

दुसऱ्या दिवशी बोनेट गार होतं, दंव पडलेलं. मी चोक ओढला. चौथ्या चावीला इंजिन उठलं, खोकलं, मग बसलं आपल्या चालीवर. पहिली दहा मिनिटं मी गाडीत कोणाला बोलू देत नाही, शेठला सांगून ठेवलं. मागच्या सीटवर वजन हवं होतं. वाळू कुठून आणणार? शेठने कारखान्यातून कापडाचे तागे मागवले, दोन गाठोडी बांधून मागे ठेवली. भिवंडीत वाळू नाही मिळाली तरी कापड मिळतं. मी स्टिअरिंगवर, शेठ शेजारी, कापड मागे, अशी स्वारी निघाली. मुलगा दारात हात बांधून उभा होता.

गल्लीतून बाहेर पडेपर्यंत दोन्ही बाजूंनी लूमची खडखड, त्यात इंजिन काय ऐकू येणार? अंजूर फाटा सोडला, राहनाळची गोदामं मागे पडली, तेव्हा कुठे ऐकता आलं. इंजिनात टॅपेटची खटखट आहे, पण वयाप्रमाणे. उतारावर पाय सोडून परत दाबला, मागे निळा धूर थोडा, घाबरण्यासारखा नाही. दुसरा गिअर उतरताना सटकतो, हाताने धरून ठेवावा लागतो. एका ट्रेलरच्या मागे वीस मिनिटं उभे होतो, पाणी तापलं पण उकळलं नाही. हे बघून मी मनात मान्य केलं, त्यांचा रेडिएटर आमच्यापेक्षा मोठा आहे. तेव्हाही मोठाच होता.

मोकळा रस्ता मिळाला तेव्हा मागेपुढे बघितलं, स्टिअरिंगवरचे हात ढिले केले आणि ब्रेक मारला. गाडी डावीकडे गेली. चांगली हातभर. शेठने डॅशबोर्ड धरला.

"हे काय?" शेठ म्हणाला.

"उजवं चाक धरत नाही," मी म्हटलं. "तेल गळत असणार ब्रेकचं. समोरून ट्रक आणि बाजूला खाडी असती तर भाभीला तुम्ही बहिणीकडे नाही, थेट वर नेली असती."

शेठला वाटलं झालं, नापास. मी उतरून टायर बघितले. उभं राहून राहून रबराला चिरा पडलेल्या, नखाने उकलत होत्या. खारबावला पोचलो. तिथे जरा थांबलो. शेठ टपरीवर गेला, दोन कटिंग घेऊन आला. तिरकं बघून म्हणाला, "तुझ्या मनासारखं झालं. चाळीस साल बोलत होतास."

मी चहा प्यायलो. मग मागचं दार उघडून तागे काढले आणि पुढच्या सीटवर टाकले.

"येताना तुम्ही चालवा," मी म्हटलं. "हळू. ब्रेक सांभाळून. मी मागे बसतो."

"मागे? कशाला?"

"टेस्ट अर्धीच झाली."

मी गाडीच्या कामात छत्तीस वर्षं काढली. हजारो गाड्या चालवल्या असतील. मागच्या सीटवर मी कधीच बसलो नव्हतो. बसायचं कारणच नव्हतं. बायकोला शेवटच्या सहा महिन्यांत ठाण्याला दवाखान्यात न्यायचो, भाड्याच्या गाडीने. ती मागे आडवी. मी पुढे ड्रायव्हरशेजारी, सवयीने. ड्रायव्हर क्लच घासतोय, मला सहन व्हायचं नाही, मी त्याला गिअर सांगत बसायचो. ती मागून एकदा म्हणाली, त्याला चालवू द्या की. मी म्हटलं, गाडीची वाट लावतोय तो. पंधरा-सोळा किलोमीटर जाताना, तेवढेच येताना, आठवड्यातून दोनदा. एकदाही मागे जाऊन बसलो नाही. तिचं डोकं मांडीवर घेता आलं असतं. ते मला सुचलं नाही, आणि कोणी सांगितलं नाही.

तर मी मागे बसलो. दार लागलं. सीट खोल आहे, बूड आत जातं आणि पाठीला खालून आधार मिळतो. शेठने गाडी काढली. पहिल्या खड्ड्याला मी सवयीने दात आवळले. खड्डा आला आणि गेला. पुढे धक्का बसलेला मला दिसला, शेठची टोपी हलली, पण माझ्यापर्यंत आला तेव्हा त्याचा झोका झाला होता. मागून काय दिसतं, तर चालवणाऱ्याचा कान आणि मान. शेठच्या मानेवरचे केस पिकलेले, नीट कापलेले. तिला एवढंच दिसलं असणार. माझा कान आणि माझी मान, आणि पुढे रस्ता. मी विचार केला, दुसरा गिअर आता सटकेल. सटकला. शेठने परत टाकला. मला मागे तो कळलाही नसता, कान नसते तर.

नंतर मला काही आठवत नाही.

"मिस्त्री." शेठचा आवाज आला. "ए मिस्त्री."

डोळे उघडले तर गाडी राहनाळच्या एका गोदामाच्या सावलीत उभी. पुढचा आरसा खाली वळवलेला, त्यात शेठचे डोळे माझ्याकडे लागलेले. घाबरलेले.

"काय झालं?" मी म्हटलं.

"मला काय विचारतोस? हाक मारली, उत्तर नाही. परत मारली, उत्तर नाही. आरसा फिरवून बघितलं तर मान टाकलेली. मला वाटलं गेला. आता तुझ्या पोरीला काय सांगू?"

मी तोंड पुसलं. बाहेर कंटेनर उलटा लावत होते, त्याचा भोंगा वाजत होता, हमाल ओरडत होते. यातलं काही मी ऐकलं नव्हतं. सव्वा वर्षात पहिली झोप, आणि ती ह्या डबड्यात.

"आरसा कधी फिरवलात?" मी विचारलं.

"मघाशीच. तू बोलेनास तेव्हा."

माझा आरसा जन्मभर मागच्या रस्त्यावर, मागच्या सीटवर एकदाही नाही. शेठने विचारलं नाही काय झालं म्हणून. तो पुढे बघत बसला. आरसा तसाच ठेवला होता त्याने, मग त्याच्या लक्षात आलं आणि नजर काढली.

घरी आल्यावर मी रिपोर्ट लिहिला. स्वतः. पोरीच्या जुन्या शाळेच्या वहीचा कागद घेतला, बायकोची वही समोर ठेवली, तिची अक्षरं बघून बघून. दुपारचं जेवण राहिलं, संध्याकाळ झाली. ब्रेकमधला क मला तीनदा लिहावा लागला.

दिवेलागणीला शेठकडे गेलो. भाभी आत दिवाणावर होती, दार उघडं, ऐकू येईल इतकं. मुलगा म्हणाला, "काका, कागद कशाला, तोंडाने सांगा ना. नापास ना?"

"आज नापास," मी म्हटलं.

त्याने बापाकडे बघितलं. आत भाभीच्या बांगड्या वाजल्या आणि थांबल्या.

"पूर्ण ऐक," मी म्हटलं. "पुढचा उजवा ब्रेक गळतोय, चारही ब्रेक उघडून नवीन रबरं टाकायची. चारही टायर बदलायचे. पाण्याचे पाइप आणि फॅनचा पट्टा बदलायचा. दुसरा गिअर तसाच राहील, त्याची बाप-माय मेली, पार्ट आता मिळत नाहीत, पण शेठला तो माहीत आहे. हे केलं की पास. भाभीच्या बहिणीच्या गावापुढे न्यायची नाही, चाळीसच्या वर पळवायची नाही, अंधार पडायच्या आत परत. मी स्वतः परत टेस्ट घेईन."

मुलगा हसला. "काका, तुम्ही तर हिला डबडं म्हणायचात."

"म्हणत होतो. खोटं होतं."

"सगळंच खोटं?"

"पुढच्या सीटचं खरं होतं. मागच्या सीटचं खोटं होतं."

त्याने कागद घेतला. माझं अक्षर वाचायला त्याला वेळ लागला. शेवटी थांबला आणि म्हणाला, "काका, हे काय लिहिलंय? झोप लागली?"

"हो."

"हा कसला रिपोर्ट?"

"तुझ्या आईला विचार," मी म्हटलं. "कमरेचं हाड मोडलेल्या बाईला विचार, झोप लागली याचा अर्थ काय."

आतून भाभी म्हणाली, "खोडू नको रे ते." तिला काही माहीत नव्हतं. वही तिने कधी पाहिली नव्हती. तिच्या तोंडून आपलं ते निघालं, आणि मी भिंतीकडे बघायला लागलो.

मुलाने मान हलवली. हॉटेलवाल्याला फोन करून नाही म्हणून सांगितलं, ते मी गल्लीतून जाताना ऐकलं. टायर शोधायला त्याला पंधरा दिवस लागले, त्या मापाचे टायर आता मिळत नाहीत. पण त्यानेच शोधले. ब्रेकचं काम कल्याण नाक्याच्या एका म्हाताऱ्या मेकॅनिकने केलं, मी शेजारी स्टूल टाकून बसलो होतो. परत टेस्ट घेतली. हात सोडून ब्रेक मारला, गाडी नाकासमोर थांबली.

रिपोर्टमध्ये मी एक काम आणखी लिहिलं होतं, त्यावर मुलगा अडला होता. दोन्ही बाजूंना बाहेरून आरसे बसवायचे. तो म्हणाला, विंटेज गाडीला ते शोभणार नाहीत, तिच्यावर कधी नव्हतेच. मी म्हटलं, शोभायचं काम हॉटेलात. बाहेर आरसे लागले की मागचा रस्ता त्यात दिसतो, मग आतला आरसा मोकळा होतो. मोकळा कशाला, त्याने विचारलं. मी म्हटलं, बसव तू.

पहिल्या जुम्म्याला गाडी निघाली तेव्हा मी ओट्यावर होतो. शेठने थांबवली. भाभी मागे बसलेली, मांडीवर तेलाची बाटली आणि फणी रुमालात गुंडाळलेली. मी उठलो, गाडीजवळ गेलो. सवयीने बोनेटवर हात ठेवला, गरम होतं. मग खिडकीतून हात घातला, आतला आरसा धरला आणि खाली वळवायला लागलो, थोडा, आणखी थोडा.

"दिसते का?" मी विचारलं.

शेठने वर बघितलं. "दिसते."

"डोळे दिसतात का? नुसतं कपाळ नको."

"दिसतात बाबा."

"मग निघा," मी म्हटलं. "गाडी तापली आहे."